जिनिव्हाची पोच

माझं दहावीच्या परीक्षेचं पॅड वडिलांनी माळ्यावरून शोधून काढलं, त्याच्या गंजलेल्या क्लिपला खोबरेल तेल लावलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते सह्या गोळा करायला बाहेर पडले. मी तेव्हा ऑफिसच्या बसला उशीर होतोय म्हणून बुटाच्या नाड्यांशी झटत होतो. त्यांनी पॅड माझ्यापुढे धरलं. "पहिली तुझी."

"घरातल्यांची कशाला, बाबा?" मी म्हणालो आणि निघालो.

त्या उन्हाळ्यात सीमेवर दोन्ही देशांचं सैन्य समोरासमोर उभं होतं. परदेशी वकिलाती आपापल्या माणसांना परत बोलवत होत्या. वर्तमानपत्रांत अणुबॉम्ब पडला तर किती मैलांपर्यंत काय होईल याची वर्तुळं छापून येत. आम्ही नुकतेच कोथरूडच्या सोसायटीत राहायला आलो होतो आणि मी खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो. वडील खडकीच्या दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी त्यांनी इन्स्पेक्शनमध्ये काढली. गोळ्याचं कवच हातात घ्यायचं, मापाचं गेज लावायचं, आणि मग कडेवरून अंगठा फिरवायचा. गेजमध्ये बसलेला माल अंगठ्याला खटकला तर ते बाजूला काढत. घरी भाकरीच्या पिठाचा डबा आणला तरी त्याच्या कडेवरून अंगठा फिरे.

आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा वडील शाळेत होते. बुद्ध आमच्या घरात भिंतीवर होता आणि पगार दारूगोळ्याचा होता. त्यावर वडील कधी बोलले नाहीत, आणि मी कधी विचारलं नाही. निवृत्तीनंतर मात्र ते निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटींच्या बातम्या कापून वहीत चिकटवू लागले. त्यातली एक गोष्ट त्यांना फार आवडायची. दर एक जानेवारीला आपला देश आणि शेजारचा देश एकमेकांना आपापल्या अणुकेंद्रांची यादी देतात. कितीही भांडण असो, यादी जातेच.

"पण तपासायला कुणी जात नाही," ते म्हणायचे. "नुसती यादी. मी कधी नुसती यादी बघून माल सोडला नाही."

त्यांचा अर्ज एका पानाचा होता. दोन्ही देशांनी एकमेकांचे तपासनीस आत येऊ द्यावेत, मोजू द्यावं, आणि मोजून झाल्यावर अण्वस्त्रं टप्प्याटप्प्याने कमी करावीत. इंग्रजी भाषांतर मी केलं, ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, घाईघाईत. हा अर्ज सह्यांसकट जिनिव्हाला जायचा होता. तिथे देशोदेशीचे प्रतिनिधी निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटींना बसतात. म्हणजे बसत होते. कामाचा कार्यक्रम काय असावा यावरच त्यांचं कित्येक वर्षं एकमत होत नव्हतं.

हे मी वडिलांना ऐकवलं. वडिलांनी ते आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं. आमच्याच जिन्यात एक मजला वर राहणारे हे गृहस्थ निवृत्त शिक्षक होते.

"अहो," सेक्रेटरी म्हणाले, "इथे पार्किंगचे पट्टे आखायचे ठरून तीन वर्षं झाली, दोन विंगांचं जमत नाही. आपण दोन देशांचं जमवताय."

"म्हणून तर तुमच्याकडे आधी आलो. तुम्हाला अनुभव आहे."

सेक्रेटरींनी सही केली. बाकीच्यांनी सहजासहजी केली नाही. एका बाईंनी "यांना सांगू नका" म्हणत दार अर्धवट लावून घेऊन केली. एकजण म्हणाले, "आमचा पत्ता कुरिअरवाल्याला सापडत नाही, बॉम्बला कुठून सापडणार?" वडील म्हणाले, "त्याला कोथरूड सापडायची गरज नाही. खडकी सापडली की पुरे." आणखी एकाने विचारलं, "तुम्हीच जन्मभर बनवलंत, आता तुम्हीच बंद करा म्हणताय?" "बनवलं नाही, तपासलं," वडील म्हणाले, "पण पास केलं." त्या माणसाने सही केली नाही.

सोसायटी संपल्यावर ते रोज स्वारगेटला जाऊ लागले. एसटीच्या रांगेतली माणसं कंटाळलेली असतात, वाचतात तरी, असं त्यांचं म्हणणं. उन्हाने त्यांचं डोकं तापायचं आणि माझं त्यांच्यामुळे. बायको म्हणायची, "अहो, त्यांना टोपी तरी घेऊन द्या. सही देत नाही तर टोपी द्या." मी टोपीही दिली नाही. तिनेच आणली.

याच सुमाराला ऑफिसात आमच्या जिनिव्हाच्या ग्राहकाकडून एक लांबलचक प्रश्नावली आली. पूर आला तर काय कराल, संप झाला तर काय कराल, आणि एका ओळीत, युद्ध झालं तर काय कराल. त्याखाली 'अण्वस्त्रांचा वापर झाल्यास' असा वेगळा रकाना होता. तो भरायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं की पुणे कार्यालय उपलब्ध नसल्यास काम चार तासांत बंगळूरला हलवण्यात येईल. माझ्या मॅनेजरने वाचून 'चार'चे 'दोन' केले. पुणे उपलब्ध नसल्यास. मी ते वाक्य तीनदा वाचलं, स्पेलिंग तपासलं आणि पाठवून दिलं. त्या वेळी माझे वडील स्वारगेटला उभे होते, म्हणजे उपलब्ध नसणाऱ्यांत तेही होते, बायको होती, पाळण्यात मुलगी होती. मला तेव्हा काही वाटलं नाही. चांगलं भरलं म्हणून शाबासकी मिळाली तेव्हा मात्र बरं वाटलं.

त्या शाबासकीतूनच मला जिनिव्हाला पाठवायचं ठरलं. मॅनेजर आणि मी जाऊन ग्राहकाला समोरासमोर पटवायचं की घाबरण्यासारखं काही नाही.

वडिलांनी हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "जिनिव्हाच ना?"

दोन दिवस बसून त्यांनी सगळे कागद लावले, मागेपुढे पुठ्ठे घातले आणि जाड पांढऱ्या नाडीने बांधले. गाठ कारखान्यातली होती, खोक्यांना मारायची. "हातात द्यायचं," ते म्हणाले. "आणि पोच घ्यायची. शिक्का, सही. पोच नाही तर दिलं नाही."

आता सांगायचं ते सांगतो. यातलं काहीही कुणी माझ्याकडून हिसकावलं नाही. मॅनेजरने हॉटेलात तो गठ्ठा बघितला आणि म्हणाला, "अरे, दिवसभर आपण सांगणार सगळं नॉर्मल आहे, आणि तू हे घेऊन फिरणार? क्लायंटने पाहिलं तर?" पण त्याने जाऊ नको असं म्हटलं नाही. मी एका दुपारी वाटाघाटींच्या इमारतीपाशी गेलोही. फाटकावरच्या पहारेकऱ्याने शांतपणे सांगितलं की असे कागद इथे घेत नाहीत, उद्या सकाळी पलीकडच्या दाराशी या, तिथे टपाल घेतात. एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोकळा होतो. मॅनेजर म्हणाला तळ्यावर बोटीने जाऊ या. मी गेलो. वारा छान होता.

परतताना विमानतळावर माझी बॅग जड भरली. ऑफिससाठी, सोसायटीसाठी, सासरसाठी चॉकलेटं घेतली होती. काउंटरवरची बाई म्हणाली, काहीतरी कमी करा. मागे रांग होती. मॅनेजर घड्याळ बघत होता. मी बॅग उघडली आणि गठ्ठा काढून बाजूच्या कचऱ्याच्या डब्यावर ठेवला. आत टाकला नाही, वर ठेवला. हा फरक मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो.

घरी आल्यावर वडिलांनी चॉकलेट खाल्लं नाही. "पोच?"

"पाठवतील, बाबा. त्यांची पद्धत आहे. ई-मेलने येईल."

हे मी बोललो आणि मग ते खरं करणं भाग पडलं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मी इंग्रजीत चार ओळींचं पत्र तयार केलं. गोल शिक्का काढला. सही राहिली. प्रिंट काढून पेनने करायची म्हटलं तर हात धजेना. तेव्हा हॉटेलच्या खोलीत स्वागताचं जे पत्र ठेवलं होतं, त्यावरची हॉटेल मॅनेजरची सही स्कॅन केली आणि खाली चिकटवली. रंगीत प्रिंट काढली. वडिलांना सांगितलं की ई-मेल आली पण मूळ पत्रही पोस्टाने ऑफिसात आलंय.

त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं. कागद उलटा केला. सहीच्या मागच्या बाजूवरून अंगठा फिरवला, सावकाश, एकदा इकडून आणि एकदा तिकडून.

"बरं," ते म्हणाले, आणि कागद वहीत ठेवला.

पोच आली की सोसायटीच्या फलकावर लावणार, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. त्यांनी ती लावली नाही. मला हायसं वाटलं. कुणी विचारलं नाही, चौकशी झाली नाही, प्रकरण मिटलं. वीसेक दिवसांनी ते पुन्हा पॅड घेऊन बाहेर पडायला लागले तेव्हा मात्र मी चिडलो.

"आता कशाला? पोचल्या ना सह्या?"

"काही राहिलेत," ते म्हणाले. या खेपेला त्यांनी पॅड माझ्यापुढे धरलं नाही.

एका शनिवारी मी भाजी घेऊन येत होतो. लिफ्ट बंद होती. आमच्या मजल्यावर पोचलो तर वरून, सेक्रेटरींच्या दाराशी, वडिलांचा आवाज आला.

"मागच्या सह्या पोचल्या नाहीत. परत कराव्या लागतील."

"पोचल्या नाहीत? चिरंजीव घेऊन गेले होते ना?"

"बांधायला मी चुकलो. प्रवासात गाठ सुटली. कागद गेले."

"मग आता परत चिरंजीवच नेणार?"

"नाही. रजिस्टर पोस्टाने."

मला वर जाता आलं असतं. वर जायला बारा-चौदा पायऱ्या होत्या. मी खाली गेलो. वरचं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत भाजीची पिशवी घेऊन स्कूटरवर बसून राहिलो आणि चिडत राहिलो. वडिलांवर, की एवढं सगळं कशाला. जिनिव्हावर, की तिथे बसणारे कार्यक्रमपत्रिकेपुढे जात नाहीत आणि त्यांच्यासाठी हा म्हातारा जिने चढतोय. सैन्य आता मागे सरायला लागलंय, युद्ध टळलंय, पेपरवाल्यांनीही वर्तुळं छापायचं बंद केलंय, मग कळत कसं नाही यांना. स्वतःवर चिडायला मला आणखी बरेच महिने लागले.

वडिलांनी पुन्हा सगळी दारं केली. पुन्हा स्वारगेट केलं. दर दाराशी तेच सांगितलं, बांधायला मी चुकलो. जन्मभरात त्यांच्या हातून चुकीचा माल गेला नव्हता, आणि आता ते घरोघरी जाऊन सांगत होते की गेला. गठ्ठा रजिस्टर पोस्टाने, पोचेच्या कार्डासकट गेला.

ते कार्ड थंडीत आलं. गुलाबी, मळकट, कोपरा दुमडलेला. त्यावर गोल शिक्का होता आणि कुणाची तरी घाईतली, वाचता न येणारी सही. रविवारी सकाळी चहाच्या वेळी वडिलांनी ते माझ्यासमोर ठेवलं.

"मागून हात फिरव."

मी अंगठा फिरवला. पेनाचा दाब लागला. अगदी थोडा, पण लागला.

"खरी अशी असते," ते म्हणाले, आणि पेपर उघडला.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला सगळं माहीत होतं का, हे मी अजूनही विचारलेलं नाही. मी चहा तसाच ठेवला आणि वर सेक्रेटरींकडे गेलो. दाराबाहेरच उभं राहून सांगितलं की गाठ सुटली नव्हती, गठ्ठा मी विमानतळावर टाकून आलो, आणि वडिलांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं.

सेक्रेटरींनी मला आत बोलावलं नाही. चष्म्यावरून बघत राहिले.

"गणपतीत तुमच्या वडिलांनी आमचे मांडवाचे बांबू बांधले होते," ते म्हणाले. "ती गाठ आम्हाला कोयत्याने कापावी लागली. त्यांची गाठ सुटली म्हणे. आम्ही काय दुधखुळे आहोत?"

"मग तुम्ही सही का केलीत परत?"

"त्यांनी मागितली म्हणून. तुम्ही मागितली असती तर केली नसती."

मी खाली आलो. वडील गॅलरीत बसले होते.

"कुठे गेला होतास?"

"वर. खरं सांगायला."

त्यांनी मान हलवली. "एकाकडेच?"

"नाही. सगळ्यांकडे जाईन. संध्याकाळी बी विंग."

वडील उठले, आत गेले आणि पॅड घेऊन आले. क्लिपखाली कोरा कागद लावला होता. "कोण घरी नव्हतं ते लिहून आण," ते म्हणाले. "त्यांच्याकडे परत जावं लागेल."

संध्याकाळी मी दहावीचं पॅड घेऊन बी विंगचा जिना चढलो. पहिल्या दाराशी त्याच बाई होत्या, दार अर्धवट लावून घेणाऱ्या. "आता काय?" त्या म्हणाल्या. "तिसऱ्यांदा?"