‘ब’च्या आधीचा दम

तीस वर्षं मी उमरेड-नागपूर एसटीवर कंडक्टर होतो. रिटायर झालो अन् नातीचा कंडक्टर झालो. काजल साडेचार वर्षांची. रोज चार वाजता तिले हुडकेश्वरातल्या आमच्याच गल्लीत शामलाबाईंकडे सोडायचं अन् पाचले आणायचं. मधात घरी जायचं तर माझे गुडघे नाही म्हणतात, म्हणून मी त्यांच्या ओट्यावरच बसून राहायचो.

शामलाबाईंची सारी जिंदगी उमरेडच्या बालवाडीत गेली. नवरा वारल्यावर इकडे भाच्याकडे, मोहितकडे आल्या अन् समोरच्या खोलीत फोनिक्सची शिकवणी काढली. बोर्ड इंग्रजीत लागला तसा पोट्ट्यांच्या मम्म्यांची लाइन लागली. मले आधी हसू यायचं. आम्ही काय फोनिक्स शिकलो होतो, बाप्पा? पण बाईचं काम पक्कं, हे मानावं लागते. अक्षराचं नाव राहू द्या, आधी त्याचा आवाज. ओठासमोर कागदाची पट्टी धरायची. ‘प’ म्हटलं का पट्टी उडली पाहिजे, ‘म’ म्हटलं का जागची हलली नाही पाहिजे. मग ‘ब ब बदक, ब ब बॉल’ करत पंधरा पोट्टे गल्ली डोक्यावर घ्यायचे.

त्यांची एक रीत मात्र निराळी होती. नवा आवाज त्या स्वतः म्हणून दाखवत नव्हत्या. टेबलावरच्या स्पीकरवर एका लहान पोट्टीचा आवाज लावायच्या, अन् लेकरांनी तिच्या मागे म्हणायचं.

“मोठ्याचं तोंड पाहून लेकरू भिते, भाऊ,” त्या म्हणायच्या. “लेकरू लेकराचंच ऐकते.”

मले वाटलं, असं काही बाजारात तयार मिळत असेल.

दिवाळीनंतर काजलचं ते सुरू झालं. अक्षर म्हणायच्या आधी तिचे खांदे वर जायचे अन् छातीतून बारीक शिट्टी निघायची. मग ती थांबायची. मग ‘ब’. माझी सून नंदिनी घाबरली, अन् खरं सांगतो, मी तिच्याहून जास्त घाबरलो. डॉक्टरने नळी लावली, फोटो काढला. छाती एकदम साफ. खेळताना, हसताना, भांडताना काही नाही. फक्त अक्षराच्या आधी.

चार दिवसांनी किराणा दुकानात तिच्याच वर्गातला पियुष दिसला. बिस्किटाच्या पुड्यावरच्या पहिल्या अक्षरावर त्याने बोट ठेवलं. खांदे वर गेले. शिट्टी वाजली. थांबला. मग ‘ग’.

दुसऱ्या दिवशी मी ओटा सोडून दारात उभा राहिलो अन् पहिल्यांदा कान देऊन ऐकलं. स्पीकरमधली पोट्टी दम खाऊन खाऊन बोलून राहिली होती. तिचा श्वास वर ओढला गेला, तसे पंधरा जणांचे खांदे एकदम वर गेले. पंधरा छात्या एकदम वाजल्या. मग सगळे मिळून, “ग ग गवत.”

वर्ग सुटल्यावर माझा भडका उडाला. “शामलाबाई, हे काय लावलं तुम्ही? कोण आहे ही पोट्टी? बिमार लेकराच्या आवाजावर आमचे लेकरं शिकवता?”

“बिमार?” त्या चकित झाल्या. “माझी मेघा आहे ती.”

मग कळलं. बाईंची एकुलती एक पोरगी. पाच वर्षांची होती तेव्हा बालवाडीसाठी बाईंनी तिच्याकडून सगळे आवाज टेपवर म्हणवून घेतले. त्यानंतर पाच महिन्यांनी ती छातीच्या आजाराने गेली. सव्वीस वर्षं तीच टेप वाजत होती, पण खरखर इतकी, की खाली काय आहे ते कोणाच्या कानी पडत नव्हतं. यंदा दिवाळीत मोहितने ती मोबाइलवर घेतली अन् खरखर साफ करून दिली.

“आता मेघा समोर बसून बोलते असं वाटते,” त्या म्हणाल्या. “किती साफ बोलते पहा न.”

“अन् ती शिट्टी?”

“कुठे आहे शिट्टी?”

मी पुन्हा लावायले लावलं. दोनदा. बाई खोटं बोलत नव्हत्या, त्यांले ती खरंच ऐकू येत नव्हती.

मी म्हटलं, “बंद करा हे. नाहीतर काजलले काढतो अन् घरोघरी सांगत फिरतो.”

त्यांनी स्पीकर जवळ ओढून घेतला. “फोटो सगळे खराब झाले तिचे. एवढंच आहे, भाऊ. रोज कोणीतरी तिच्या मागे बोलते, म्हणून मी दिवस काढते.”

मले लाज वाटली. पण लेकरू माझंही होतं. मी मागे हटलो नाही.

दुसऱ्या दिवशी टेबल रिकामं होतं. बाईंनी कार्ड धरलं अन् स्वतःच्या आवाजात म्हटलं, “द.”

पंधरा खांदे वर गेले. शिट्टी वाजली. सगळे थांबले. मग, “द.”

“पुन्हा म्हणा,” बाई म्हणाल्या. पुन्हा तेच. त्या पुढे आल्या, काजलसमोर वाकल्या, तिच्या छातीले कान लावला. बऱ्याच वेळाने मान वर केली अन् माझ्याकडे पाहिलं.

“भाऊ, मेघा असंच करत होती?”

“हाओ,” मी म्हटलं.

त्या तिथंच खाली बसल्या. “मी तिच्यावर चिडत होती. मधात काहून थांबते म्हणून. नाटक नको करू, पटकन म्हण, असं म्हणून दहा-दहा वेळा म्हणवून घेतलं. मले वाटलं, कंटाळा करून राहिली. तेव्हाच ऐकलं असतं तर दवाखान्यात नेलं असतं न.”

काजलचे खांदे वर गेले.

“मी नाटक नाही करून राहिली वं, आई.”

आमच्या घरात आईले मम्मी म्हणतात. काजलने कोणाले आई म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

शामलाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “माहीत आहे मले,” त्या म्हणाल्या. “बोलू नको, बेटा. दम घे आधी.”