उजव्या खिशाचे शर्ट

श्री. रामराव इंगळे यांची आणि माझी पहिली भेट आमच्या शाळेच्या संगणक कक्षात झाली आणि पहिल्या पाच मिनिटांतच आमची खडाजंगी उडाली. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, हे मला कळते. पण हा लेख मी तीनदा लिहून तीनदा खोडला आहे आणि आता जे घडले ते घडले तसेच सांगणार आहे.

जिल्ह्यातल्या नऊ शाळांमध्ये शिवणकामाचा नवा व्यावसायिक अभ्यासक्रम सुरू होणार होता. प्रत्येक शाळेत मशिनी पोचल्या होत्या, शिकवणारे मात्र कुठेच नव्हते. म्हणून ग्वाल्हेरच्या आमच्या शाळेतून एकाच शिक्षकाने पडद्यावरून थेट वर्ग घ्यायचा आणि नऊ ठिकाणच्या मुलामुलींनी त्याच वेळी आपापल्या टेबलावर कापड बेतायचे, असे ठरले. मी संगणक शिकवते, म्हणून कॅमेरा, माइक आणि जोडणी माझ्या गळ्यात पडली. शिकवायला आले रामराव. पाटणकर बाजारातल्या आपल्या दुकानात त्यांनी सारी हयात शर्ट शिवण्यात घालवलेली. मी कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यासमोर लावला, तर ते म्हणाले, "मॅडम, चेहरा दाखवून काय फायदा? माझी सगाई थोडीच करायची आहे! हात दाखवा, हात."

शेवटी कॅमेरा त्यांच्या टेबलावर, वरून लागला. नऊ शाळांनाही त्यांनी तेच सांगितले. पडद्यावर मला नऊ चौकटी दिसत आणि प्रत्येक चौकटीत फक्त हात. रामराव त्या हातांवरून मुले ओळखू लागले. कोणाची कात्री घाबरते, कोण खडू फार दाबतो, हे ते बरोबर सांगत. वर्गात बोलत मात्र फार कमी. डावे-उजवे असले शब्द त्यांच्या तोंडी नसतच. "असं धरा. आता असं. बघा, ऐसे," एवढ्यावर त्यांचा तास चाले.

आमचा घोटाळा याच सवयीतून झाला, आणि त्यात माझा वाटा मोठा होता. पहिल्या वर्षाच्या अखेरीस तपासणीसाठी एक अधिकारी येणार होते. मुलांनी शिवलेले शर्ट पाहून अभ्यासक्रम पुढे चालू ठेवायचा की नाही, हे ते ठरवणार होते. ते शर्ट बेतायच्या आठवड्यातच मला नऊ शाळांच्या गोंगाटाने वैताग आला होता. कुठे हापसा कुरकुरतोय, कुठे जेवणाच्या ताटल्या आपटतायत, एका शाळेत तर खिडकीशी शेळी. मी सगळ्यांचे माइक बंद करून टाकले. आणि चित्र जरा स्पष्ट दिसावे म्हणून कॅमेऱ्याच्या सोयींत हात घातला, तेव्हा आरशासारखे उलट चित्र दाखवणारी सोय माझ्या हातून सुरू झाली. तेव्हा मला ते कळलेच नाही. रामराव कापडाकडे बघून शिकवत होते. मुले पडद्याकडे बघून तंतोतंत तसेच करत होती.

भितरवारच्या बाजूच्या एका शाळेतली पूनम नावाची मुलगी तेवढी थांबली. तिने हातातले कापड कॅमेऱ्यासमोर धरून जोरजोरात हलवले. मला वाटले, पोरगी खुशीत आहे. मीही हात हलवला.

शर्टांची गाठोडी आली तेव्हा तपासणीला चार दिवस उरले होते. पहिला शर्ट उघडला, दुसरा उघडला. खिसा उजवीकडे. काजे उजव्या पट्टीवर, बटने डाव्या. पुरुषांच्या शर्टाच्या नेमके उलट, आणि नऊच्या नऊ शाळांचे! शिवण मात्र इतकी सरळ की बघत राहावे. खिसा उसवता आला असता, पण काजे कापून झाली होती आणि कापलेले काज परत मिटत नाही. मी खुर्चीवर बसून रडले. दुसऱ्या कापडाचे तुकडे आणून चार शर्ट आपणच शिवून पुढे ठेवू, असेही मी सुचवले. रामराव एवढेच म्हणाले, "मॅडम, ते शर्ट माझे होतील. मुलांचे कसे होतील?"

त्यांनी तेच उलटे शर्ट टेबलावर मांडले आणि अधिकाऱ्यांना सांगितले की चूक त्यांच्याच, म्हणजे रामरावांच्या, टेबलावर झाली. माझे नाव घेतले नाही. मग पडद्यावरून पूनमला बोलायला सांगितले. तिने काय उलटे झाले, कुठल्या घडीपासून झाले, सगळे धडाधडा सांगितले. दोरीवर वाळत घातलेला भावाचा शर्ट खिडकीतून दिसला आणि आपल्या लक्षात आले, म्हणाली. अधिकारी म्हणाले, "तो बेटा, उसी दिन क्यों नहीं बताया?"

"बताया था सर. मैडम ने हाथ हिला दिया."

त्या खोलीत माझे तोंड कुठे लपवू असे मला झाले. अधिकारी हसले आणि अभ्यासक्रम चालू राहिला. सगळे गेल्यावर रामरावांनी मला चहा पाजला आणि एकच अट घातली. यापुढे माइक बंद करायचे नाहीत. शेळी ओरडली तरी चालेल. तेव्हापासून त्यांचा वर्ग भर बाजारात बसल्यासारखा चालतो आणि त्या कलकलाटातून कोणाचे तरी "मास्टरजी, रुकिए" त्यांना नेमके ऐकू येते.

त्यांच्या मायेचेही एक सांगायला हवे. माझ्या आईचा हात मोडला आणि प्लास्टरमुळे तिला कुठलाच ब्लाउज चढेना. मी मुद्दाम कोणाशी काही बोलले नव्हते. मी फोनवर कुरकुरले असेन तेवढेच रामरावांनी ऐकले असावे. तिसऱ्या दिवशी ते खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या आमच्या घरी दोन ब्लाउज घेऊन हजर झाले. एक बाही वरपासून खालपर्यंत उघडी, तिला बांधायला नाड्या. आई अजून त्यातला एक नेसणीच्या साडीसोबत हौसेने घालते, हात बरा होऊनही.

आणि अशा माणसाशी मी या वर्षी काय केले, ते आता लिहिते. थेट वर्ग बंद करून रामरावांचे धडे एकदाच चित्रित करावेत आणि तेच दरवर्षी शाळांना दाखवावेत, असा प्रस्ताव आला. माझे मत मागितले. मी 'योग्य आहे' असे लिहून सही केली. त्यांचे गुडघे दुखतात, सुईत दोरा ओवायला वेळ लागतो, हे खरेच आहे. पण खरे सांगायचे तर तुटणाऱ्या जोडणीला आणि त्या गोंगाटाला मी कंटाळले होते. निर्णय अजून झालेला नाही. तो कुठल्याही दिवशी येईल, म्हणून मला कशातच चैन पडत नाही. गौरवाचे शब्द लिहायला बसले की ती सही डोळ्यांसमोर येते.

मागच्या मंगळवारी कबुली द्यायला मी पाटणकर बाजारात गेले. रामराव शर्टाचा पुढा, म्हणजे छातीकडचा भाग, बेतत होते. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाले, "कागद मी बघितला, मॅडम. काही हरकत नाही. तुम्ही माझ्या काळजीनेच लिहिलं ना."

मी 'गुडघे कसे आहेत?' असे विचारून कबुली टाळली.

थोड्या वेळाने कात्री खाली ठेवून ते म्हणाले, "फिल्म चांगलीच बनेल. मी चुकलो तर दर साल तसाच चुकेन, बस. एखादी पूनम मधे बोलणार कशी?"

घरी येऊन मी दुसरे पत्र लिहिले. माझे पहिले मत काळजीचे कमी आणि कंटाळ्याचे जास्त होते, ते मी मागे घेते, वर्ग थेटच राहावा आणि कॅमेरा, माइक, जोडणी मी आनंदाने सांभाळेन, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ते काल दिले. उशीर झाला की काय, मला माहीत नाही. रामरावांनाही त्यातले काही ठाऊक नाही. हा लेख छापून आल्यावर ते वाचतील आणि बहुधा माझ्यावर रागावतील, कारण उलट्या शर्टांची चूक कोणाची होती हे त्यांनी इतकी वर्षे कोणाला कळू दिले नव्हते.

रामराव, आपण पंचाहत्तरी पूर्ण करीत आहात. आपले गुडघे धड राहोत, नजर शाबूत राहो, आपणांस भरपूर आणि निरोगी आयुष्य लाभो. आणि आपण टेबलापाशी उभे असेपर्यंत, शेळीच्या आणि ताटल्यांच्या आवाजातून, "मास्टरजी, उल्टा हो रहा है" असे ओरडून सांगणारे कोणीतरी समोर असो. माइक मी बंद करणार नाही.