शपथेआधीचा वजू

दादी गेली तेव्हा माझे चाचा दुबईला नोकरीत होते. अब्बांनी तिला इथेच, येरवड्याच्या कब्रस्तानात दफन केलं. चाचा परतले आणि अब्बांना म्हणाले, "भाईजान, अम्मीला गावी जायचं होतं, अब्बाजानच्या कबरीशेजारी. तिने तुम्हाला नक्की सांगितलं असणार."

"कधीच नाही," अब्बा म्हणाले.

शेवटचे दोन महिने दादीपाशी एकटे अब्बाच होते. साक्षीदार कोणी नाही. त्यानंतर तीन वर्षं दोघं भाऊ बोलले नाहीत. माझ्या बहिणीचं लग्न ठरलं, तेव्हा अब्बांनीच जमातीतल्या एका बुजुर्गांना मध्ये घातलं. हे गृहस्थ निवृत्त एसटी ड्रायव्हर. बोलणं कमी.

मी वकील आहे. शिवाजीनगर कोर्टात लोक शपथ कशी उरकतात हे रोज पाहते. मला यातून काही निघेल असं वाटत नव्हतं. बुजुर्गांनी ते ओळखलं असावं. "तू आज नुसतं बघ," एवढंच म्हणाले.

गुरुवारच्या दुपारी ते आमच्या घरी आले. त्यांनी आधी दोघांना रीत समजावली. चाचांकडे साक्षीदार नाही, म्हणून अब्बांनी कुराणावर हात ठेवून 'ती तसं म्हणाली नव्हती' असं सांगायचं. सांगितलं की विषय संपला, पुन्हा कुणी काढायचा नाही. "पण आधी वजू कर," ते अब्बांना म्हणाले, "हात-तोंड-पाय धुऊन पाक हो."

गुरुवार म्हणजे नळाला पाणी नाही. मी बादली भरून आणली. बुजुर्ग चाचांना म्हणाले, "तू ओत. त्याला धुऊ दे."

चाचा तांब्याने पाणी ओतू लागले. अब्बांनी हात धुतले, चूळ भरली. चेहऱ्याकडे नेताना उजवा हात मध्येच अडला. आदल्या वर्षी स्कूटरवरून पडून त्यांचा खांदा मोडला होता. चाचांना ते ठाऊकच नव्हतं.

"हे कधी झालं?"

"झालं मागच्या वर्षी."

चाचांनी तांब्या खाली ठेवला आणि त्यांच्या कोपराखाली हात धरला. मग पाणी मी ओतलं. पाय धुऊन होईपर्यंत चाचांनी तो हात सोडला नाही.

बुजुर्गांनी कापडातून कुराण काढून लाकडी रेहालवर ठेवलं. अब्बांनी हात पुढे केला.

"नको," चाचा म्हणाले. "शपथ नको. भाईजान म्हणतात ते मी मानतो."

"नीट विचार कर," बुजुर्ग म्हणाले. "मग हे कायमचं मिटलं."

"मिटलं."

बुजुर्गांनी कुराण पुन्हा कापडात गुंडाळलं. अब्बा जिंकले होते. आमच्या कोर्टात या क्षणी माणूस उठून चालायला लागतो. अब्बा खाली मान घालून बसून राहिले.

"ती म्हणाली होती," ते म्हणाले. "दोनदा. गावी न्या म्हणाली होती. मला ती जवळ हवी होती. दर शुक्रवारी जाता यावं म्हणून."

तीन वर्षं आम्ही घरातले सगळे चाचांनाच हेकट म्हणत होतो. आणि अब्बांचं खोटं उघडं पडायची भीती पुरती टळल्यावर ते आपणहून खरं बोलले होते. उलटतपासणीत मला हे कधी जमलं नसतं. त्या खोलीत नेमकं काय घडलं, ते आजही मला पुरतं सांगता येत नाही.

चाचांचा चेहरा लाल झाला. ते उठून खिडकीपाशी गेले. बुजुर्गांनी त्यांना हाक मारली नाही, समजावलं नाही. तसबीहचे मणी फिरवत बसून राहिले. मी आणलेला चहा निवला.

शेवटी चाचा वळले. "राग गेलेला नाही माझा," ते म्हणाले.

"नसू दे," अब्बा म्हणाले.

"पण उद्या जाताना मला घेऊन जा. मी तिची कबर अजून पाहिलेली नाही."

बुजुर्गांनी दोघांना समोरासमोर उभं केलं. चाचांनी आधी सलाम केला आणि दोन्ही हात पुढे केले. अब्बांचा उजवा हात जेमतेम तिथवर पोचला.