बिनब्रेकचे चाचा

गाडी डावीकडे वळली की चाचांचा डावा पाय आपोआप पुढे सरकायचा. नव्वदीला टेकलेला माणूस माझ्या शेजारच्या सीटवर बसलेला, आणि पाय मात्र रस्त्यावर टेकायला निघालेला. "हाडात बसलाय, बाबा," म्हणायचे आणि ओशाळं हसायचे.

कुवेतमधल्या अबू हलीफात आमची दारं समोरासमोर. मी पुण्याचा, ते रत्नागिरीच्या खाडीकाठचे, उतारवयात मुलाकडे राहायला आलेले. तरुणपणी बोटीवरून इंग्लंडात उतरले. आठवडाभर कारखान्यात राबायचे आणि शनिवारी मातीच्या गोल मैदानावर मोटारसायकलच्या शर्यती मारायचे. पुढे स्वीडन, पोलंडपर्यंत जाऊन आले. त्या शर्यतीच्या गाडीला ब्रेकच नसतो. डाव्या बुटाला लोखंडी तळवा बांधायचा आणि वळणावर पाय मातीत घासत न्यायचा. भीती नाही वाटायची का, असं मी विचारलं होतं.

"बिरेक असला की माणूस भितो," चाचा म्हणाले. "नसला की गाडी सांभाळतो."

तुम्ही म्हणाल, थापा. आमच्या बिल्डिंगमधलेही तेच म्हणायचे. पण तिथल्या मैदानाच्या मालकाला यांचं नाव उच्चारता येईना, म्हणून त्याने स्वतःच्या मर्जीने एक गोरं नाव फलकावर लावलं. बक्षिसं त्या नावाला, पेपरात फोटो त्या नावाखाली. चाचांच्या खऱ्या नावाने शोधलं तर काहीच सापडत नाही. मला आजही संताप येतो. हाडं मोडायची यांची, आणि कौतुक जन्मालाच न आलेल्या माणसाचं!

त्याहून जास्त संताप येतो तो मुलाचा. मीना अब्दुल्लाच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, नमाज-रोज्याला पक्का, शेजारधर्माला चोख. पण बापाच्या शर्यतींचा विषय निघाला की तोंड आंबट. लहानपणी गावातली पोरं 'तुझा बाप सर्कशीत' म्हणून चिडवायची म्हणे. अरे, त्याच सर्कशीवर शिकलास ना, हे वाक्य मी कितीदा तरी गिळलं.

चाचांना ना फलक हवा होता, ना हारतुरे. एकदा समुद्रावर बसलो असताना ते म्हणाले, "जगाचा जाऊ दे. पोरान एकदा चार माणसांत सांगावा, माझा बाप गाडी मारायचा. बस."

मी मुलाच्या कानावर घातलं. तो "बघू" म्हणाला.

गेल्या थंडीत चाचा गेले. कबरस्तानात माती देऊन झाल्यावर मुलाच्या ऑफिसातल्या एकाने हळू आवाजात विचारलं, वालिदसाहेब काय करायचे? आजूबाजूला चार माणसं उभी होती.

"इंग्लंडात कारखान्यात होते," मुलगा म्हणाला.

मला राहवलं नाही. "कारखाना आठवडाभर होता," मी मोठ्यानेच म्हणालो. "शनिवारी हा माणूस शर्यती जिंकायचा."

मयतीच्या जागी आवाज चढवला म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुलगा मान खाली घालून हाताची माती झटकत राहिला.