नळीतल्या पेजेचं मीठ

आमच्या शेजारच्या वहिनी सासूला नाकातल्या नळीतून पेज भरवतात, पण त्याआधी दरवेळी स्वतः घोटभर चाखून बघतात. मीठ कमी वाटलं तर उठून चिमूटभर घालून येतात. मला बघूनच दमायला होतं. पेज जिभेला लागतच नाही, थेट पोटात जाते, हे मी त्यांना एकदा समजावलंही.

"ठावं हाय की मला," म्हणाल्या आणि पेज गाळत राहिल्या.

या सासूनं सुनेच्या हातचं कधी चांगलं म्हटलं नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. आता कित्येक महिने म्हातारी ना बोलते, ना कुणाला ओळखते.

काल गेले तर वहिनी सिरिंज हातात धरून भिंतीला टेकल्या होत्या. चेहरा नुसता ओढलेला. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी चमच्याच्या टोकानं पेजेचा थेंब म्हातारीच्या जिभेवर ठेवला.

म्हातारीनं तोंड वाकडं केलं.

"बघा ताई, अजून नावं ठेवत्यात," वहिनी म्हणाल्या आणि हसत हसत मीठ आणायला आत गेल्या.