भिवा घाडीची दर्याची पेटी

लालबागच्या त्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या भिवा घाडीशी बोलायचं तर आधी शिवी खायची तयारी ठेवावी लागे. माणूस वेंगुर्ल्याकडचा, गिरणीत साचेखात्यात कामाला. साच्यांच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नाहीत, म्हणून तिथली माणसं ओठांच्या हालचालीवरून बोलणं ओळखतात. भिवाचे ओठ हलताना दिसले की कामगारांवरचा मुकादम, जॉबरसुद्धा दुसऱ्या वाटेनं जाई.

खोली एक, खिडकी एक, आणि त्या खिडकीशी काचेची पेटी. लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीत काचा बसवलेल्या, सांधे लुकणानं बुजवलेले, गंज पाण्यात उतरू नये म्हणून आतून डांबराचा हात. आत समुद्राचं पाणी, आणि पाण्यात वरळीच्या खडकाचा परडीएवढा तुकडा. त्या तुकड्यावर फुलं होती. दर्याची फुलं, सदऱ्याच्या बटणाएवढी, हिरवट तपकिरी, कडेनं झालर. त्यांना देठ नाही, पान नाही. ती मऊ पवळ्याच्या जातीची, जिवंत. उजेड आला की उघडत, बोट लागलं की आवळून घेत. भिवाला ती आवडायचं कारण चाळीतली माणसं असं सांगत, की त्याच्यासारखीच तीसुद्धा कुणी जवळ आलं की तोंड मिटून घेतात.

चर्नीरोडला मत्स्यालय नवं उघडलं तेव्हा सगळी चाळ एकदा बघून आली. भिवा दर सुट्टीला जाऊ लागला. मासे बघणाऱ्यांच्या गर्दीकडं पाठ करून तो कोपऱ्यातल्या असल्याच फुलांच्या खडकासमोर उभा राही. तिथल्या पाणी बदलणाऱ्या माणसाला त्यानं इतकं पिडलं, की पीडा टळावी म्हणून त्यानं ती घरी कशी जगवायची ते सगळं सांगून टाकलं.

पहिला खडक आणला तो कुजला. त्याला चिकटलेलं स्पंज, शिंपले काय काय मेलं आणि अख्खा मजला आठवडाभर नाकाला पदर लावून फिरला. दुसऱ्या खेपेला भिवानं खडक घासून, मरेल ते आधीच खरवडून, ओल्या गोणपाटात गुंडाळून आणला. तो जगला. मग त्याची रीत बसली. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. म्हणून काचेवर तेलरंगाची रेघ ओढलेली, आणि पाणी रेघेखाली गेलं की गोडं पाणी घालायचं. तेही नळाचं ताजं नाही, रात्रभर मडक्यात ठेवून त्याचा औषधी वास गेलेलं. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरून बारीक नळीनं पाण्यात बुडबुडे सोडायचे. जवळा वाटून चिमटीच्या टोकाएवढा द्यायचा, जास्त दिला की पाणी नासलं. पंधरवड्यानं थोडं पाणी काढून वरळीहून नवं आणायचं, तेही भरती चढल्यावर, नाल्याच्या तोंडापासून लांबून. ते मातीच्या घागरीत दोन दिवस ठेवलं की गाळ तळाला बसे.

"एकच खिडकी, ती पण तुझ्या ह्या दर्यातल्या बायलांनी धरल्यानी," त्याची बायको कांता म्हणे. "माझी चूल काळोखात."

"गप रव."

इतकाच संसार.

भिंतीपलीकडच्या खोलीत शामराव. तो घाटावरचा, सातारा बाजूचा, त्याच गिरणीत दुसऱ्या पाळीला. भिवा त्याला घाट्या म्हणे, तो भिवाला कोकन्या. महाराष्ट्र एक करायचा म्हणून दोघे एकाच मोर्चात घसा फोडून यायचे, आणि जिना चढला की सामाईक गॅलरीतल्या हातभर जागेवरून एकमेकांची आयमाय काढायचे.

छप्पन्न साल उजाडलं ते गोळीबार आणि संचारबंदी घेऊनच. मध्ये बंदी सैल झाली तसा भिवा वरळीला जाऊन खांद्यावर घागर घेऊन आला. जिन्यावर शामराव मोर्चेकऱ्यांना हातवारे करून काही सांगत उभा होता. त्याचं कोपर लागलं, घागर फुटली, आणि दर्या तीन पायऱ्या उतरून खाली गेला.

"आरं, डोळं फुटलं का तुजं?" शामराव उलट त्यालाच म्हणाला. त्याचं धोतर भिजलं होतं.

"तू मुद्दाम केलंस."

"मुद्दाम करायचं आसतं तर तुलाच ढकलला आसता, घागरीनं माजं काय केलंया?"

कुंभारांची दुकानं तेव्हा बंद होती. भिवानं घरात नजर फिरवली आणि कांताच्या माहेरची तांब्याची कळशी उचलली.

"माझी कळशी कित्या घेतस?" कांता आडवी आली. "बाबान लग्नात दिलेली असा ती. कल्हई उडालेली, कल्हईवालो इतक्या दिवसांत फिरकूक नाय. खारा पाणी घालशीत तर खाऊन जायत."

"देवाक चालता तांब्याचा पाणी, फुलांक कित्या चालूचा नाय?"

भांड्याची माया, बाईची जात, असं म्हणून तो गेला. कळशीत समुद्राचं पाणी दोन दिवस ठेवायचं, गाळ बसला की पेटीत ओतायचं. पुढं दुकानं उघडली तरी कळशीच चालू राहिली. कांता नको म्हणते एवढं कारण त्याला पुरेसं होतं.

माघ सरताना फुलं उघडायची बंद झाली. आधी एका कडेची झाली, मग मधली. झालर आत ओढून ती बसली ती बसलीच, आणि मग पांढरट होऊन चोथ्यासारखी सुटू लागली. भिवानं पाणी जास्त बदललं. जितकं बदललं तितकी ती लवकर मेली. कामावर धागे तुटू लागले, जॉबरच्या शिव्या त्यानं न फेडता ऐकून घेतल्या. तेव्हा सगळ्यांना कळलं की काहीतरी बिनसलंय.

त्याच आठवड्यात शामरावानं खाटा गॅलरीत काढून ढेकणांची पावडर मारली होती. भिवाच्या खिडकीसमोरच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली.

"घाट्यान विष घातल्यान माझ्या पेटयेत," भिवानं सकाळी नळावर जाहीर केलं.

शामरावानं येऊन त्याची गचांडी धरली. "तुज्या फुलांस्नी इख घालाया मला येळ हाय का रं? माज्या पोरांच्या अंगावर ढेकणं फिरत्यात."

"पावडर कोणाची?"

"माजी."

"मग झाला."

चाळ निम्मी कोकणची. भिवा कुणालाच आवडत नव्हता, पण घाट्याला झोडायला मिळतंय म्हटल्यावर सगळे त्याच्या बाजूला उभे राहिले. शामरावाची बायको राधाबाई हंडा घेऊन नळावर आली की बायका म्हणत, "विषारी हात नळाक लावू नको." तिचा हंडा रांगेतून मागं सरकवला जाई. पाणी जायची वेळ होई तेव्हा तिची पाळी येई, आणि नळ सूं करून बंद पडे. मग ती खालच्या हौदाचं गढूळ पाणी भरी. हे भिवा खिडकीतून बघे. त्याला बरं वाटे.

खडकाच्या एका कोपऱ्यात मूठभर फुलं उरली होती. आठ दिवसांतून एखाद्या वेळी ती अर्धी उघडत. ती गेली की संपलं, हे भिवाला कळत होतं. वरळीला दुसरा खडक मिळाला असता, पण हा खडक त्यानं दोन वर्षं वाढवला होता. गावी आई मेली तेव्हा तो गेला नव्हता, कारण पाणी बदलायचा दिवस होता. त्यानं जायला हवं होतं असं सगळ्या चाळीनं त्याला ऐकवलं होतं, आणि त्यानं सगळ्या चाळीला शिव्या दिल्या होत्या. फुलं मेली तर त्या शिव्यांनाही अर्थ राहत नव्हता.

पुन्हा एका बंदच्या दिवशी गिरण्या थंड होत्या. कांता चिंचेचा कोळ घेऊन कळशी घासायला बसली. तिनं आत हात घातला, बाहेर काढून बघितला, आणि हात तसाच नवऱ्यापुढं धरला. बोटं हिरवी झाली होती.

"कल्हई गेलेल्या भांड्यात मी सोलाचा पाणीसुद्धा ठेवनंय नाय," ती म्हणाली. "आणि तू अख्खो दर्यो ठेवलंस."

भिवानं कळशी उजेडाकडं वळवून आत बघितलं. तळाला, कडांना हिरवी बुरशी धरल्यागत राप चढला होता. लहानपणी शेजारघरी बिनकल्हईच्या टोपात सोलकढी राहिली होती, आणि सगळं घर परसात ओकत बसलं होतं, ते त्याला आठवलं. कोकणातलं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. त्यालाही माहीत होतं. फक्त ते माणसांच्या पोटाबद्दल माहीत होतं.

"आधी कित्या बोलूक नाय?"

"बोललंय. तू म्हणालंस भांड्याची माया."

"माका वाटला कळशेचा वाईट होयत."

"माका पण तसाच वाटला," कांता म्हणाली, आणि घासत राहिली.

आता पेटी धुऊन काढायला हवी होती. जिवंत कोपरा छिन्नीनं तोडून, तोवर स्वच्छ समुद्राच्या पाण्यात ठेवायला हवा होता. त्याला मातीचं मोठं भांडं हवं, आणि ते आजच हवं, कारण फुलांचा रंग उतरायला लागला होता. बाजार बंद. भिवा चाळभर फिरला. पण खारं पाणी एकदा मातीत मुरलं की त्या माठाचं पाणी पुन्हा गोड लागत नाही, हे कोकणच्या माणसांना सांगायला नको. ज्यांनी त्याच्यासाठी राधाबाईचा हंडा मागं सारला होता, त्यांतल्या एकानंही माठ दिला नाही.

"भिवग्या, भांडणाक आम्ही असंव," एक म्हातारा म्हणाला. "माठाचा बोलू नको."

चाळीत धूळ खात पडलेला एक रांजण होता, दारात उपडा घातलेला, उन्हाळ्याची वाट बघत. तो शामरावाचा.

भिवा त्या दारात जाऊन उभा राहिला. शामराव तंबाखू मळत होता. त्यानं मान वर केली नाही.

"रांजण व्हयो."

"कशापायी?"

भिवानं सांगितलं. सगळं सांगितलं, कळशीसकट. शामरावानं तंबाखू तोंडात टाकली, हात झटकले.

"म्हंजी तूच मारलीस."

"व्हय."

"आन् माजी बायको म्हैनाभर हौदाचं पानी भरती." तो उठून गॅलरीत आला. "हितं उभा ऱ्हा. समद्यांस्नी ऐकू जाईल आसं बोल. मग रांजणाचं बगू."

भिवानं कठड्याला धरलं. खाली अंगणात बंदमुळं रिकामी माणसं पत्ते कुटत होती. खिडकीतून त्याला पेटीची कड दिसत होती.

"आयका सगळ्यांनी," तो ओरडला. "शामरावान विष घालूक नाय. माझ्याच हातान झाला." मग श्वास घेऊन म्हणाला, "पण गुणान तो घालणाऱ्यातलोच, ह्या माझा अजून म्हणणा असा."

खाली कुणीतरी हसलं. राधाबाई दाराआडून पुढं आली. "शेवटचं कशाला जोडलंस रं, मुडद्या?"

"ता फुकट."

शामरावानं दातावर दात दाबले. मग म्हणाला, "रांजण एकट्याच्या हातात देनार न्हाई. घागरीचं काय झालं ते ठावं हाय मला. म्या संगं येतो."

रांजणाला दोरखंड बांधून बांबूवर अडकवला, आणि एकमेकांचं तोंड बघवत नाही असे दोन गडी वरळीला निघाले. रस्ते मोकळे होते. पुढं भिवा, मागं शामराव. एकाचं पाऊल लांब, दुसऱ्याचं आखूड. रांजण झोके खाई, आणि दर झोक्याला एक शिवी पुढून मागं किंवा मागून पुढं जाई.

किनाऱ्यावर शामराव काठावरच भरू म्हणाला. भिवा म्हणाला, काठावर गटार. गुडघाभर पाण्यात शिरल्यावर शामरावानं खडकावर पाय ठेवला आणि घसरून बसला. भिवा हात द्यायला वळला नाही. "रांजण सांभाळ," एवढंच म्हणाला.

परत येताना नाक्यावरच्या हवालदारानं अडवलं. दिवसच तसे होते.

"काय आहे यात?"

"दर्यो," भिवा म्हणाला.

"पानी हाय, सायेब," शामराव घाईनं म्हणाला. "ह्याच्या फुलांस्नी. ह्यो येडा हाय."

हवालदारानं बोट बुडवून जिभेला लावलं, थुंकला आणि हातानं जा म्हणाला.

भिवानं खडकाचा मेलेला भाग तोडून टाकला. उरलेला कोपरा रांजणात राहिला, तोही शामरावाच्या दारासमोर, कारण गॅलरीत ऊन तेवढ्या जागीच येई. राधाबाई येताजाता रांजणाकडं बघून थुंकल्यासारखं करी. कडेची फुलं गेली. मधली सात-आठ एका सकाळी उघडली. भिवानं कुणाला सांगितलं नाही. पेटी घासूनपुसून पुन्हा भरली, कोपरा त्यात बसवला, आणि रिकामा रांजण परत न्यायला गेला.

"तुजा दर्या मुरला त्यात," शामराव म्हणाला. "उन्हाळ्यात आता आमी मीठ पिऊ व्हय? ठेव तुजा तुला. आन् ह्या दारात पुन्यांदा येऊ नगंस."

भिवा पुन्हा गेला नाही. नळावर राधाबाईचा हंडा रांगेत राहू लागला, एवढाच काय तो बदल. वरळीचं पाणी त्या रांजणात मुरत राहिलं, खडकाचा कोपरा हळूहळू भरत गेला, नव्या दगडावर चढला. कांताच्या कळशीला कल्हई झाली आणि ती तिनं नवऱ्याच्या हाताला लागू नये अशी वर फळीवर ठेवली. दोघे शेजारी त्यानंतरच्या प्रत्येक मोर्चात गेले, वेगवेगळ्या रांगांतून.

साठ सालच्या मे महिन्यात महाराष्ट्र झाला. चाळीला तोरणं लागली. शामराव पेढ्यांचं ताट घेऊन दारोदार फिरला. भिवाच्या दाराशी आला तेव्हा भिवा पेटीशी पाठमोरा, रेघेपर्यंत गोडं पाणी घालत होता. शामरावानं आत बघितलं नाही. कांताच्या हातावर एक पेढा ठेवला.

"त्या फुलवाल्याला देऊ नगंस," तो म्हणाला. "तुलाच हाय."

कांतानं तो तिथंच उभ्यानं खाल्ला.

"काय म्हणता तो?" भिवानं वळून न बघता विचारलं.

"काय नाय. महाराष्ट्र झालो म्हणता."