गुरुजींचा कप्पा

आमच्या धाड गावच्या पोस्टाची खोली इतकी लहान, की टपाल लावायला टेबल मांडलं तर माणसाने उभं कुठे राहायचं? म्हणून पोस्टमनकाकांनी सुताराकडून भिंतीलाच घडीची मांडणी करून घेतली. सकाळी फळी खाली ओढली की तिचंच टेबल होतं आणि मागचे कप्पे उघडे पडतात. पाकिटं लावताना काका त्यांच्याशी बोलतात. "चाल बे वकिला, सरक आत!" वडिलांचं मासिक हाती आलं की मात्र आवाज उतरायचा, "या गुरुजी."

ज्यांचं टपाल नेहमी येतं, त्यांनाच स्वतंत्र कप्पा. वडील गेल्यावर महिन्याभराने मी पोस्टात गेलो. कृषी केंद्राचे लिफाफे कप्प्यात मावत नव्हते. शेजारी वडिलांच्या कप्प्यात एकटा नवा अंक होता. मनातून नको असतानाही मी म्हणालो, "काका, तो कप्पा आता कृषी केंद्राला देऊन टाका."

"काऊन? वर्गणी दिवाळीपर्यंत हाय न भाऊ. तोवर कप्पा गुरुजीचाच."

मी अंक घ्यायला हात पुढे केला. त्यांनी तो पिशवीत ठेवला आणि फळी वर करून कडी लावली.

"तुम्ही घरी व्हा. दुपारी आणून देतो, नेहमीसारखा."